दोन पिवळ्या गोळ्या

काका आले ते तोंडाला रुमाल लावून. सोबत मावशी. "मॅडम, चार दिवस झाले, पाणीसुद्धा झोंबतंय." आ करायला लावलं, तर ओठांपासून घशापर्यंत सगळं सोललेलं. पण मला धसका बसला तो त्यांचे कोपर पाहून. सोरायसिसचे जुने चट्टे, एरवी चांदीसारख्या कोरड्या पापुद्र्यांचे, ओले होऊन त्यांच्या जखमा झाल्या होत्या. असं दिसलं की आधी मेथोट्रेक्सेट या सोरायसिसवरच्या औषधाची विषबाधा मनात आणायची, हे शिकताना वाचलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

काका शिंपी. कात्रीचं कडं अंगठ्याला जिथे घासतं, तिथेही त्यांना चट्टा उठला होता. या आजारात कातडीला झालेली इजा तेवढं निमित्त पुरवते. निरोगी कातडी महिनाभरात नवी होते, इथे तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून पापुद्र्यांचे थर. स्पर्शाने हा आजार कुणालाच होत नाही. तरी गिऱ्हाइकं माप द्यायला कचरू लागली होती, आणि काकांना खाजेपेक्षा ते जास्त लागायचं. मलमं पुरेनात तेव्हा रक्त आणि यकृत तपासून मीच मेथोट्रेक्सेट सुरू केलं. रविवारी अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आणि त्या औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून बाकीचे सहा दिवस फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची एक.

"गोळ्या दाखवा बरं."

मावशींनी पिशवीतून डबा काढला. पट्ट्यांमधून काढून सुट्या ठेवलेल्या गोळ्या, दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारीक. रोजची कुठली, असं विचारताच काकांनी मेथोट्रेक्सेटवर बोट ठेवलं. दोन आठवडे सगळं उलटं चाललं होतं. भरीला गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. तिच्यामुळे मूत्रपिंडातून हे औषध बाहेर पडणं आणखी मंदावतं.

रक्तात पांढऱ्या पेशी १८००, प्लेटलेट्स ६०,०००, दोन्ही धोक्याइतक्या कमी. त्याच दुपारी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी भरती केलं. फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, सलाइन, रोज रक्ताची तपासणी. मेथोट्रेक्सेट ज्या एन्झाइमला अडवतं, ते अडलं की साधं फॉलिक ॲसिड कामाला येत नाही. फॉलिनिकला त्या वाटेनं जावंच लागत नाही. पाच रात्री मला नीट झोप नव्हती. नवव्या दिवशी मावशींचा फोन आला, "मऊ भात खाल्ला त्यांनी."

काकांची यात काहीच चूक नव्हती. मी घाईत सांगितलं, त्यांनी मान हलवली, आणि त्या मानेवर मी भरवसा ठेवला. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हाती एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोळ्या दिल्या होत्या मी.

तेव्हापासून माझ्या पेशंटना फॉलिक ॲसिडही आठवड्यातून एकदाच असतं, पाच मिलिग्रॅम, बुधवारी. गोळ्यांची अदलाबदल झालीच, तरी मेथोट्रेक्सेट रोज पोटात जाणार नाही. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर मी थांबत नाही, वार लिहिते. गोळी पेशंटच्या तळहातावर ठेवते आणि कधी, किती घ्यायची ते त्यांच्याकडून वदवून घेते. चार मिनिटं जास्त लागतात, बाहेरची रांग कुरकुरते.

काकांना ती गोळी मी पुन्हा दिलेली नाही. कॅल्सिपोट्रिऑलचं मलम चालू आहे, अंगठा बराच मऊ पडलाय. दिवाळीआधी आले तेव्हा बारा छोट्या थैल्या शिवून आणल्या होत्या, सहा लाल, सहा पांढऱ्या. "लाल रविवारची," म्हणाले. "ज्यांना वाचता येत नाही, त्यांना द्या मॅडम."

दोन उरल्यात.