आगीच्या वर्दीवरून (कॉलवरून) आल्यावर फायर सूट आणि बीए सेटचं काय करायचं, माझा अनुभव

मी नगरपरिषदेच्या फायर स्टेशनला फायरमन आहे. आमच्याकडे नवीन फायर सूट आणि बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क, आले तेव्हा ते घालायचे कसे याची प्रॅक्टिस भरपूर झाली, पण आगीतून परत आल्यावर त्यांचं काय करायचं हे नीट असं कुणी बसून सांगितलं नव्हतं. ते मी आणि आमचे लिडिंग फायरमन दादा, आम्ही दोघांनी सोबत आलेली पुस्तिका वाचून, ट्रेनिंगच्या सरांना फोन करकरून हळूहळू स्टेशनवर बसवलं. लहान स्टेशनवरच्या बाकीच्या पोरांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

सुरुवात भंगाराच्या गोडाऊनच्या आगीनंतर झाली. प्लास्टिक, टायर, केबल, सगळं एकत्र जळत होतं. परत आल्यावर दादांनी माझा हूड, म्हणजे डोक्यावर मास्कच्या कडेने घालतो तो कापडी टोपा, बादलीत बुडवला आणि पिळला तर पाणी काळं, वर तेलकट तवंग, आणि वास असा की बादली बाहेर नेऊन ठेवावी लागली. हे सगळं माझ्या मानेला आणि जबड्याला चिकटून बसलेलं होतं आणि तिथली कातडी पातळ, आत लवकर शोषून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम ज्याने कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालंय अशा, म्हणजे पहिल्या गटात टाकलंय. तरी आपल्याकडे काळा पडलेला सूट म्हणजे जुना जाणता माणूस असं समजतात, मला हे अजिबात पटत नाही.

आता आम्ही काय करतो तर आग विझली की तिथेच, मास्क चेहऱ्यावर असतानाच, एकमेकांवर होजरीलने, म्हणजे गाडीवरच्या बारीक नळीने, हलकं पाणी मारतो, मऊ ब्रशने साबण लावून वरून खाली घासतो, मग सूट काढून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या मागच्या लॉकरमध्ये टाकतो, केबिनमध्ये माणसांसोबत नाही. घरी तर न्यायचाच नाही, पोराबाळांच्या कपड्यांसोबत हे मशीनला लावणं म्हणजे घरच्यांना तो धूर देण्यासारखंच आहे.

धुताना आतलं अस्तर आणि बाहेरचं कापड वेगळं करायचं, वेल्क्रो आणि हूक लावून घ्यायचे नाहीतर ते कापड ओरबाडतात, पाणी ४० अंशांच्या वर नको, साबण सौम्य, आणि ब्लीच तर बिलकुल नको कारण त्याने कापडाची ताकद जाते. सगळ्यात जास्त वाद झाला वाळवण्यावरून. आमच्याकडे सूट कंपाउंडच्या भिंतीवर कडक उन्हात टाकायची सवय, पण सूटचं नोमेक्ससारखं अरामिड, म्हणजे सहज आग न धरणारं, कापड उन्हाने कमकुवत होतं आणि ते डोळ्याला लगेच दिसत नाही. मग दादांनी पीव्हीसी पाइपचं हँगर बनवलं, पाइप दोन्ही बाह्यांतून जातो, आणि गॅरेजच्या सावलीत पंख्यासमोर टांगतो. पावसाळ्यात तरी दोन दिवस जातात. ओला सूट घालून आत गेलं की आतलं पाणी तापून वाफ होते आणि खांद्यावर, जिथे बीए सेटचा पट्टा दाबतो तिथे, भाजतं, म्हणून एक जादा सूट लागतोच.

बीए सेटचं सांगायचं तर ६.८ लिटरचा सिलेंडर ३०० बार दाबाला भरला की साधारण २००० लिटर हवा, मिनिटाला ४० लिटरने हिशोब केला तर पन्नासेक मिनिटं, पण होज ओढत जिना चढताना माणूस त्याच्यापेक्षा बरीच जास्त हवा ओढतो. म्हणून ड्युटी बदलताना रोज चेक. सिलेंडर उघडून गेज बघायचं, बंद करून मिनिटभर थांबायचं, काटा पडतोय का बघायचं, मग हळूहळू हवा सोडून हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते का ते कान देऊन ऐकायचं. मास्क लावून जोडणीच्या तोंडावर तळहात ठेवून श्वास ओढला की मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा. दाढीचे खुंट असले तरी चिकटत नाही, दादांनी हे सगळ्यांना एकेक करून दाखवलं आणि दाढीचा विषय तिथेच संपला. वापरल्यावर मास्क कोमट पाण्यात धुवायचा, उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का बघायचं, काच खाली करून ठेवायचा नाही.

वर्षातून एकदा आम्ही सगळं साहित्य उलगडून बघतो. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांच्या आठवणीत, तेव्हा तसंही सगळं बाहेर काढलेलंच असतं. अस्तरात टॉर्च घालून अंधारात बघितलं की विरलेली जागा लगेच कळते. लेबलवरची बनवल्याची तारीखही रजिस्टरला लिहितो, कारण एनएफपीए १८५१ या अमेरिकन स्टँडर्डमध्ये सूट बनवल्यापासून १० वर्षांत बाद असा नियम होता, मग तो स्टोअरमध्ये पडून असला तरी.

तुमच्याकडे खरेदीचा प्रस्ताव जात असेल तर साहेबांना सांगून माणशी दोन हूड आणि दोन जोड ग्लोव्हज टाकायला लावा. सूटच्या मानाने खर्च फार नाही, आणि एक धुवायला गेला तरी दुसरा हाताशी राहतो.