यादी रकमेवरून काढली आणि रिक्षावाले काका राहून गेले

सांगलीत गावभागात आमची मोफत अभ्यासिका आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. ते चढायच्या आदल्या रात्री एका रिक्षावाल्या काकांनी चार खेपा करून आमची पुस्तकं विश्रामबागला पोचवली, भाडं घेतलं नाही. गेल्या वर्षी स्नेहमेळाव्याचं आमंत्रण त्यांनाच गेलं नाही, कारण यादी 'दहा हजारांच्या वर देणगी देणारे' अशी काढली होती. मारुती चौकात भेटले तेव्हा "कार्यक्रम छान झाला म्हणे" एवढंच म्हणाले. मला फार लागलं ते. त्याच आठवड्यात यादी नव्याने मांडायला घेतली.

आमची यादी म्हणजे 10बीडी फॉर्मसाठी, म्हणजे वर्षभराच्या देणग्या आयकर खात्याला कळवायच्या फॉर्मसाठी, केलेला तक्ता. नाव, पत्ता, पॅन, रक्कम. हा माणूस आपला कोण, ते लिहायला त्यात जागाच नाही, आणि ज्याने पैसे दिले नाहीत तो त्यात येतच नाही. (या तक्त्याला हात लावू नका. तो 31 मेच्या आत भरावाच लागतो. माणसांची वही वेगळी करा.)

वहीत मी तीन रकाने घातले: कुणाच्या ओळखीने आले, काय करतात, शेवटचं कधी भेटले. पुराच्या वेळच्या वह्या आणि अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंची आठवण, यांवर ते बरेचसे भरले.

आता या वहीवरून, रकमेऐवजी नात्याप्रमाणे माणसांचे गट करायचे होते. अडलं ते कार्यकारिणीत. पहिली बैठक गणसंख्येअभावी तहकूब. दुसरीत विषय शेवटी ठेवला आणि वेळ संपली. तिसरीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "पंचवीस हजार देणाऱ्याला तुम्ही खालच्या गटात टाकणार?" वर-खाली काही नाही, हे मी किती वेळा सांगितलं! सात आठवडे गेले. अजून आठवलं की राग येतो. चौथ्या बैठकीत मी समजावत बसलो नाही. रकमा झाकून फक्त नावं वाचली आणि विचारलं, हे कोण? दर मार्चला पंचवीस हजारांचा चेक पाठवणाऱ्यांबद्दल कुणालाच एक वाक्य बोलता येईना. हरिपूरच्या आजींचं नाव घेतलं तर चौघं एकदम बोलायला लागले. दोनशे रुपये देतात, पण परीक्षेच्या दिवसांत मुलांना रोज ताक पाठवतात, गल्लीतल्या सहा मुली त्यांनीच आणून बसवल्या. ठराव दहा मिनिटांत झाला.

गट चारच केले: हाताने काम करणारे, माणसं जोडून देणारे, अधूनमधून डोकावणारे आणि फक्त पैसे पाठवणारे. कोण कुठल्या गटात, हे बाहेर सांगू नका. चौथ्या गटाला पहिला फोन करताना पैशांचा विषय काढायचा नाही. चेकवाल्या गृहस्थांशी मी वीस मिनिटं बोललो. ते अभ्यासिका कधी उघडते एवढंच विचारत होते, आजवर कुणी बोलावलंच नव्हतं.

यंदाचं आमंत्रण मी स्वतः काकांच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "खुर्च्या कुठनं आणायच्यात? रिक्षा घेऊनच येतो."