आतलीशी जुळवून घेताना

प्रबंधाचं पाचवं प्रकरण उघडलं की मला झोप यायची. ती थकव्याची नव्हती. रात्रभर नीट झोपून उठलेली असायचे, सकाळचे दहा वाजलेले असायचे, आणि फाइल उघडल्यापासून दहा मिनिटांत डोळे जड व्हायचे, मान आखडायची, ओळींवरून नजर घसरायला लागायची. फाइल मिटली की पाच मिनिटांत मी टवटवीत. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. चार प्रकरणं लिहून झाली होती. लहान मुलं प्रश्न विचारायला कशी शिकतात, हा माझा विषय. त्यासाठी ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांच्या संहिता तयार होत्या, वाचन झालं होतं, मुदतवाढ दोनदा मागून झाली होती. फक्त लिहिणं होत नव्हतं.

त्या काळात मी स्वतःला जे बोलले, ते दुसऱ्या कुणाला बोलले असते तर त्या माणसाने माझं तोंड पाहिलं नसतं. आळशी, नाकर्ती, ढोंगी. आणि तेवढ्याच जोराने उलट्या दिशेचा उपायही केला. 'मी माझा प्रबंध सहज पूर्ण करत आहे' हे वाक्य रोज सकाळी वीस वेळा म्हणायचं, म्हणजे ते सुप्त मनात रुजतं, असं कुठेतरी वाचलं होतं. तिसऱ्या आठवड्यात वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आत आतून 'खोटं' असं ऐकू यायला लागलं. वीस वेळा वाक्य, वीस वेळा 'खोटं'. दिवसाची सुरुवातच भांडणाने.

हे माझ्यापुरतं नाही, हे पुढे कळलं. २००९ मध्ये जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच खालावलेलं आहे त्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' यासारखं वाक्य घोकल्यावर बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटलं. आणि गंमत म्हणजे स्वयंसूचनेचा प्रसार करणारे फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) हेही हेच बजावत असत: इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते. म्हणजे मी नेमकी जी झुंज लावून बसले होते ती लावू नका, असंच त्यांचं म्हणणं होतं. लोकांनी त्यांची वाक्य घोकण्याची युक्ती तेवढी उचलली, अट सोडून दिली.

वळण मिळालं ते एका समुपदेशकबाईंच्या प्रश्नाने. मी झोपेची तक्रार सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ही झोप तुम्हाला कशापासून वाचवते?"

मला राग आला. झोप मला बुडवत होती आणि या म्हणतात वाचवते! पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. दोन वर्षं मी जिला शत्रू समजत होते ती माझ्या बाजूची असेल, ही शक्यताच मी कधी धरली नव्हती. त्या दिवसापासून मी तिला 'आतली' म्हणायला लागले. अंतर्मन, अबोध मन, सुप्त मन हे शब्द मला दूरचे वाटतात, कुठल्यातरी तळघराबद्दल बोलतोय असे. 'आतली' म्हटलं की समोर कुणीतरी बसलेलं असतं आणि मग बोलता येतं. माझ्या आत खरोखर दुसरी बाई राहते, असा माझा दावा नाही. बोलण्याची ही एक सोय आहे, आणि ती उपयोगी पडली.

बाईंनी मला एक सराव शिकवला. त्याचं मूळ युजीन जेंडलिन या तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. उपचारांचा फायदा कुणाला होतो आणि कुणाला नाही हे शोधताना त्यांना दिसलं, की फायदा होणारी माणसं बोलता बोलता थांबतात, चाचपडतात, शरीरात जाणवणाऱ्या एखाद्या अस्पष्ट गोष्टीसाठी शब्द शोधतात. सराव सांगायला सोपा आहे. शांत बसायचं, अडलेली गोष्ट मनात धरायची आणि घसा, छाती, पोट या भागात काय जाणवतंय याकडे लक्ष द्यायचं. जे जाणवेल त्याला एखादा शब्द लावून पाहायचा. शब्द चुकीचा असेल तर आत काहीही हलत नाही. बरोबर लागला तर काहीतरी सैल होतं, बहुतेकदा एक मोठा श्वास येतो.

पहिले चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी पाचवं प्रकरण मनात धरून बसले, तर घशाच्या खालच्या बाजूला काहीतरी दाबल्यासारखं होतं. 'भीती' म्हणून पाहिलं. नाही. 'कंटाळा'. नाही. 'राग'. थोडं हललं, पण तेही नाही. मग आपोआप शब्द आला: 'हशा'. आणि डोळ्यांतून पाणी आलं.

पहिल्या वर्षी एका चर्चासत्रात मी कच्चा मसुदा वाचला होता. एका वरिष्ठ व्यक्तीने त्यातलं एक वाक्य मोठ्याने परत वाचलं आणि सगळं सभागृह हसलं. मी पण हसले होते. त्या वाक्यात जो विचार होता, तोच पाचव्या प्रकरणाचा गाभा होता. ही घटना मी विसरले नव्हते, कुणी विचारलं असतं तर सांगितली असती. फक्त तिचा आणि झोपेचा संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आतली मला त्या सभागृहात परत जाऊ देत नव्हती. साधन तिच्याकडे एकच होतं, डोळे मिटवण्याचं, आणि ते ती इमानाने वापरत होती.

इथून पुढे मी हुकूम देणं थांबवलं आणि वाटाघाट सुरू केली. शब्दशः. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे मी लिहायचे, उजवीकडे तिचं उत्तर म्हणून जे पहिलं सुचेल ते, न तपासता. 'तुला काय हवंय?' 'कुणी हसू नये.' 'ते माझ्या हातात नाही. पहिला मसुदा कुणालाही दाखवला नाही तर?' 'कुणालाही?' 'कुणालाही. मार्गदर्शकांनाही नाही. दुसरा मसुदा तुला विचारून दाखवीन.' यावर उजवीकडे काही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फाइल उघडली आणि पंचवीस मिनिटं जागी राहिले. तेवढ्यावर थांबले, कारण वहीत पंचवीस मिनिटंच कबूल केली होती. त्या दिवशी मस्त चाललं होतं, अजून तासभर सहज ओढता आलं असतं. ओढलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

या सगळ्यातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते शब्द पाळणं. सल्ले देणारे 'मनाला सूचना द्या' एवढंच सांगतात. सूचनेला वजन कुठून येतं, हे कुणी सांगत नाही. मला ते रात्री तीनच्या जागरणांनी शिकवलं. वाटाघाट सुरू झाली त्या सुमारास मी रोज तीनला दचकून उठायला लागले होते आणि राहिलेल्या कामांची यादी डोक्यात फिरायला लागायची. ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं, की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या काही प्रयोगांत ते तितकंसं ठामपणे दिसलं नाही, पण तीन वाजता मला त्याबद्दल काही शंका नसायची. उपयोग झाला तो २०११ मधल्या मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या अभ्यासाचा: काम पूर्ण झालं नसलं, तरी ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं, की डोक्यातली टोचणी थांबते. २०१८ मधल्या आणखी एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

मी लिहायला लागले. 'विद्यापीठाला पत्र: उद्या अकराला, आधीच्या पत्राचा क्रमांक घेऊन.' पहिल्या रात्री सलग झोपले. दुसऱ्या रात्रीही. मग एक दिवस अकरा वाजले, मी पत्र लिहिलं नाही, आणि संध्याकाळी यादीत तेच परत 'उद्या अकराला' म्हणून टाकलं. तिसऱ्यांदा असं केल्यावर रात्री तीनला डोळे टक्क उघडे. आतलीने माझी यादी मानणं बंद केलं होतं, आणि तिचं काय चुकलं? उधारी थकवणाऱ्याच्या शब्दावर कुणी दुसऱ्यांदा काही देत नाही. तेव्हापासून यादीत तीनपेक्षा जास्त कामं लिहीत नाही, आणि लिहिलेलं करते. जमणार नाही असं दिसलं तर दिवसाउजेडीच नवी वेळ ठरवते. पत परत यायला साधारण महिना लागला.

पत आल्यावर मग मी तिच्याकडे काम मागितलं. पाचव्या प्रकरणाची मांडणी बसत नव्हती. मुलांच्या वयानुसार संभाषणं लावली होती आणि दर वेळी कुठेतरी फाटत होती. तीन आठवडे सगळ्या संहिता परत वाचल्या. मग एका रात्री झोपताना वहीत एकच प्रश्न लिहिला: 'यांना जोडणारा धागा वय नसेल तर कोणता?' आणि दिवा मालवला.

इथे दोन माणसांच्या हकिगती मला आधार देत होत्या. गणितज्ञ आंरी प्वांकारे पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून एका गणिती प्रश्नाशी झगडत होते. पुढे एका सहलीला निघाले असताना, घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता, त्यांनी वापरलेल्या गणिती रूपांतरणांचं अयुक्लिडीय भूमितीशी असलेलं नातं त्यांना दिसलं. पण त्यांनीच बजावून ठेवलंय, की हे आतलं काम आधीच्या जागत्या मेहनतीशिवाय होत नाही, आणि नंतर तपासून घेतल्याशिवाय पुरं होत नाही. दुसरे औषधशास्त्रज्ञ ऑटो लोवी. मज्जातंतूंचा संदेश रसायनामार्फत पोचतो का, हे तपासण्याचा प्रयोग त्यांना रात्री सुचला. त्यांनी चिठोऱ्यावर खरडलं आणि झोपले. सकाळी स्वतःचं अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनला तीच कल्पना परत आली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांच्या हृदयांवरचा तो प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणून मी उशाशी जाड पेन ठेवते आणि मोठ्या अक्षरात लिहिते.

पहिल्या सकाळी काही नव्हतं. दुसऱ्या सकाळीही. चौथ्या दिवशी दात घासताना सरळ वाक्य आलं: 'वयानुसार नको, उत्तर कोण देतं त्यानुसार लाव.' आई उत्तर देते तेव्हा मूल वेगळे प्रश्न विचारतं, भावंड देतं तेव्हा वेगळे, कुणीच देत नाही तेव्हा वेगळे. तोंडात फेस असतानाच मी वही शोधत होते. पुढचे दोन महिने ते तपासण्यात गेले. दोन ठिकाणी ते चुकीचं निघालं आणि बदलावं लागलं.

चुकीचं निघालं, हे मुद्दाम सांगते. मध्यंतरी मला आतलीला सर्वज्ञ मानायचा मोह झाला होता. दोऱ्याला अंगठी बांधून लंबकाला हो-नाही विचारत होते. तो फिरायचा, अंगावर काटा यायचा. मग कळलं, की शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्येच याचा छडा लावला होता: डोळे बांधले की लंबकाची जादू जाते, कारण आपल्याही नकळत आपलेच स्नायू तो हलवतात. मी दोन दिवस हिरमुसले होते. पण यात लंबक वाया जात नाही. उत्तर काय असावं असं मला वाटतंय, ते तो दाखवतो. ते खरं आहे का, हे मात्र त्याला माहीत नसतं. अंतःप्रेरणेचंही असंच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात म्हटलंय, की जिथे परिस्थितीत नियमितपणा आहे आणि आपल्याला वारंवार, लवकर निकाल कळून शिकता आलं आहे, तिथेच आतल्या कौलावर भिस्त ठेवावी. मुलांच्या बोलण्याबाबत आतलीचा शब्द मी ऐकते. पैसे कुठे गुंतवायचे, हे तिला विचारत नाही.

आणखी एक. माझ्या घशात अडकलेला होता तो एक हशा. ज्यांच्या आत याहून मोठं, भयंकर काही दडलेलं आहे, त्यांनी डोळे मिटून एकट्याने तिथे उतरू नये. जाणकार माणूस सोबत हवा. मलाही पहिल्या वेळी त्या बाई होत्या, म्हणून निभावलं.

पहिला मसुदा कबूल केल्याप्रमाणे कुणालाही दाखवला नाही. तो अजून कपाटात आहे. दुसरा मार्गदर्शकांना पाठवायच्या आदल्या रात्री वहीत विचारलं, 'पाठवू?' उजवीकडे लिहिलं गेलं, 'ते हसलेलं वाक्य पहिल्या पानावर ठेव.' ठेवलं. तोंडी परीक्षेत त्या वाक्यावर सर्वात जास्त वेळ चर्चा झाली. हसलं कुणी नाही. पण हसले असते तरी मी जागी राहिले असते, असं मला तेव्हा वाटत होतं.

गेल्या आठवड्यात एका नव्या प्रकल्पाचं बोलावणं आलं. चांगलं आहे, मोठं आहे, सगळे 'हो म्हण' म्हणताहेत. होकाराचा मेल लिहायला बसले आणि जांभई आली. मी खुर्ची मागे सरकवली, वही काढली, मधोमध रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, 'काय झालं?' उजवी बाजू अजून कोरी आहे. मेलचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे. तोवर मी थांबणार आहे.