कुत्र्याचं पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका

डोक्याला मार लागलेलं कुत्रं एकाएकी ढसाढसा पाणी प्यायला लागलं तर त्याचं भांडं उचलून ठेवू नका. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरात भांडं उचलायचा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की ही गोष्ट आधी लिहिते, बाकीचं मग.

केशरबाग रोडवर आमच्या शेरूला मोटारसायकलने उडवलं. कानामागे टाके पडले, पण चार-पाच दिवसांत तो चालायला-खायला लागला आणि सगळे म्हणाले, वाचला बाई. त्यानंतर हे सुरू झालं. भांडं रिकामं करायचा, दाराशी जायचा, परत यायचा आणि बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायचा. रात्री घरातच सू व्हायची. फरशी पुसली तर फडक्याला ना पिवळेपणा, ना वास, नुसतं पाणीच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सातनंतर पाणीच देऊ नकोस, आपोआप थांबेल." त्यांची माया कळत होती. पण मी ऐकलं नाही, कारण त्याची जीभ कोरडी पडलेली दिसत होती.

डॉक्टरांनी आधी पाणी मोजायला लावलं. लिटरच्या बाटलीवर पेनने खुणा केल्या. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर गेलं की ते जास्त, असा ढोबळ हिशोब. शेरू १८ किलोचा, म्हणजे १.८ लिटर ही हद्द. तो चार लिटरच्या वर पीत होता. साखर, किडनी ठीक निघाली. सूज उतरायला स्टेरॉईड दिलं होतं का, हेही त्यांनी विचारलं, कारण त्यानेही तहान वाढते. दिलं नव्हतं. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ती पाण्याच्या मानाने किती दाट आहे ते माप, आली १.००३, म्हणजे जवळजवळ पाणीच.

मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी एका बारीक देठाला लटकलेली असते. मेंदूत तयार झालेलं व्हॅसोप्रेसिन हार्मोन तिथूनच रक्तात उतरतं आणि किडनीला पाणी राखायला सांगतं. डोकं आपटलं की कधी हा देठ ताणला जातो, कधी आत रक्तस्राव होतो, आणि हार्मोन कमी पडतं. किडनी धडधाकट असूनही पाणी सोडत राहते. शेरू जास्त प्यायचा म्हणून मुतत नव्हता. मुतून पाणी जायचं म्हणून प्यायचा. अशा वेळी पाणी तोडलं तर रक्तातलं सोडियम चढतं, झटके येतात, जीवही जातो. पाणी बंद ठेवून करायची एक तपासणी आहे, पण ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

ह्याला डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात. साखरेशी त्याचा काही संबंध नाही. औषध डेस्मोप्रेसिन. माणसांसाठीचे नाकात घालायचे थेंब कुत्र्याच्या डोळ्यात, खालची पापणी ओढून घालतात. मेडिकलवाला भैया दोनदा चिठ्ठी वाचून म्हणाला, "दीदी, नाक की दवा आँख में?" हो, डोळ्यातच. थेंब सुरू झाल्यावर शेरू रात्री झोपायला लागला, आणि मीही.

औषध चालू असताना कुत्रं सुस्त पडलं, उलट्या करायला लागलं तर लगेच फोन करा. मग सोडियम उलट खाली गेलेलं असू शकतं. काही कुत्र्यांत हा त्रास आपोआप ओसरतो, काहींना औषध जन्मभर लागतं. शेरूचं अजून कळायचंय. त्याच ग्रंथीच्या हुकमाने थायरॉईड आणि कॉर्टिसोलही चालतात, म्हणून जेवण सोडणं, अशक्तपणा, केस विरळ होणं ह्यावरही डोळा ठेवायला सांगितलंय.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तरी शेरूचं भांडं भरलेलंच असतं. तुमच्या कुत्र्याला असं होत असेल तर सकाळची पहिली सू स्वच्छ डबीत धरून दवाखान्यात न्या. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बघायला तिचे दोन थेंब पुरतात.