ओकावांगो: पावसाविना येणारा पूर

ऑगस्टात बोत्स्वानामध्ये पाऊस नसतो. मोपानेची पानं तांबूस होऊन गळायला लागलेली, वाटेवर घोटाभर वाळू, आणि तरीही ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश पाण्यानं भरलेला! हे पाणी अंगोलाच्या डोंगराळ भागात वर्षाच्या सुरुवातीला पडलेल्या पावसाचं. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे माउन गावापर्यंत यायला त्याला कित्येक महिने लागतात. ही नदी समुद्राला मिळत नाही; कालाहारीच्या वाळूत आणि उन्हात विरून जाते. ऐन कोरड्या दिवसांत पूर येतो, म्हणून लांबलांबचे प्राणी इथे गोळा होतात. आम्हीही याच दिवसांत गेलो ते त्यासाठीच.

माउनला टपावर तंबू असलेली फोर बाय फोर भाड्यानं घेतली. इथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे हात लगेच बसला. डिझेल, पाणी आणि शिधा माउनलाच भरून घ्यावा. डांबरी रस्ता संपला की टायरमधली हवा कमी करायची आणि खोल वाळूत गाडी थांबू द्यायची नाही.

मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये बाटावाना लोकांनी आपल्याच जमिनीवर राखलं. आपल्याकडे ताडोबात संध्याकाळी गेटबाहेर पडावं लागतं. इथे जंगलाच्या आत, कुंपण नसलेल्या जागेवर मुक्काम करता येतो. ओंडक्यांच्या पुलाशेजारी, थर्ड ब्रिजला, आम्ही तंबू उघडला. मोपानेच्या लाकडांवर मुगाची खिचडी केली, सोबत घरून नेलेलं मेतकूट. भांडी लगेच घासून गाडीत ठेवायची, खायचं काही बाहेर राहू द्यायचं नाही, अंधार पडल्यावर तंबूपासून दूर जायचं नाही, हे नियम इथे सगळे मनापासून पाळतात. रात्रभर पाणघोडे हुंकारत होते. पहाटेच्या सुमारास सिंहाचा आवाज आला आणि छातीत घुमला. झोप फारशी झाली नाही, पण त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

ख्वाई नदीवर मात्र आम्ही गाडी पळवणं सोडलं. सकाळपासून एकाच काठावर इंजिन बंद करून बसलो. गुडघाभर पाण्यात लाल लेचवे हरणं चरत होती. कमळपक्षी पानांवरून लगबगीनं फिरत होता, आपल्याकडच्या तळ्यांवर दिसतो त्याचाच भाऊबंद, आणि कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारत होता. दुपारी हत्तींचा कळप उतरला. आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात, त्यामुळे कोण नर, कोण मादी हे ठरवायला वेळ लागला. एक पिल्लू आईच्या पायांमधून पाण्यात घुसलं, घाबरून मागे फिरलं आणि पुन्हा घुसलं. सोंडेनं पाणी प्यायचं त्याला अजून जमत नव्हतं. ते थेट तोंडानंच पीत होतं. वाघ दिसला की नाही एवढ्यावरच दिवसाचं मोल ठरवण्याची सवय आपल्याला असते. काठावर बसून राहिलं की ती आपोआप गळून पडते.

सावुती भर वाळूत. तिथला नदीपट्टा १९८० च्या दशकात आटला, आणि २००८ नंतर पुन्हा वाहता झाला. आम्ही गेलो तेव्हा कोरडा होता. हत्ती पाणवठ्यांवर येत होते.

कसानेला चोबे नदीवर होडीतून फिरलो. मधल्या सेदुदु बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १९९९ मध्ये बेट बोत्स्वानाला मिळालं. हत्ती मात्र सोंडा वर धरून पोहत बेटावर जातात, गवत खातात आणि परततात. २०२२ च्या गणनेत बोत्स्वानात १,३०,००० हून अधिक हत्ती आढळले. इतके दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत.

कुणाला जायचं असेल तर मोरेमी आणि ख्वाईतल्या मुक्कामाच्या जागा मोजक्याच आहेत, त्या बऱ्याच आधी राखून ठेवाव्यात. ठिकाणं कमी करा, पण ख्वाईला रात्री जास्त ठेवा. आणि रात्रीच्या थंडीसाठी स्वेटर, कानटोपी नक्की घ्या.