तासगावच्या मळ्यात शेनिन ब्लां

आज दाजींच्या मळ्यावर वूव्रेची शेनिन ब्लां, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, उघडली. वूव्रे फ्रान्सच्या लुआर नदीकाठचं गाव. चुनखडीची जमीन, हवा थंड. म्हणून द्राक्ष पिकलं तरी आंबटपणा टिकतो. या एकाच द्राक्षाची तिथे कोरडी, गोड आणि फसफसणारी वाईनही होते.

ताईने कृष्णेचा मासा रव्यात घोळून कुरकुरीत तळला होता. एका घोटात सगळा तेलकटपणा उतरला! भडंगाशीही झकास जमली. मटणाच्या रश्श्यापुढे मात्र तिचा निभाव लागला नाही.

थॉमसन, सोनाका ही द्राक्षं लावून बेदाणा करण्यात दाजींचं आयुष्य गेलं. ग्लास नाकाशी धरून म्हणाले, "मधाचा वास येतोय की रं!"

पलूसला वाईन कारखान्यांसाठी वाईन पार्क झालं, तेव्हा आपल्या भागात केवढी आशा होती. आपल्या मातीतली अशी बाटली मला प्यायचीय.