नकाशात कूलरच विसरले

आईबाबांच्या घराचं काम बेसा रोडला चालू होतं तेव्हाची गोष्ट. विटकाम खिडकीच्या वर गेलं होतं. मिस्त्रीकाकांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, कूलर कुठं बसवून राहिले तुम्ही?"

मी गप्प. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून नागपूरच्या घरात कूलरला जागाच ठेवली नव्हती.

तोवर माझं सगळं डोकं पश्चिमेच्या भिंतीत अडकलं होतं. आमचा प्लॉट पश्चिममुखी. बाबांना समोर मोठ्ठी काच हवी होती, शेजाऱ्यांसारखी. पण चार-पाच वाजताचं ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून थेट घरात शिरतं. दक्षिणेला दोन फुटी छज्जा पुरतो, कारण दुपारचं ऊन वरून येतं. मेच्या शेवटी तर सूर्य इथे अगदी डोक्यावरच असतो. पश्चिमेला छज्जा काय करणार? म्हणून तिकडे जिना, बाथरूम आणि कोठीची खोली टाकली. भिंत दोन पदरी केली, साडेचार-साडेचार इंचाच्या दोन भिंती, मधे दोन इंच पोकळी. विटा राखेच्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख जवळच असताना दुरून लाल विटा कशाला आणायच्या? "एवढी कोरी भिंत! गोदाम वाटून राहिलं," असं बाबा महिनाभर म्हणत होते.

तर कूलर. एप्रिल-मेत आपली हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून कूलरच्या बाजूंच्या ओल्या ताट्यांतून आलेली हवा झपाट्याने गार होते. २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला, तेव्हाही आम्ही कूलरवरच काढलं. पण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो, चादरी ओलसर होतात आणि लोक म्हणतात, कूलर बिघडला. आणि कूलर स्वतः सावलीत हवा.

शेवटी उत्तरेची बांधलेली भिंत फोडली. तिथे कूलरची खिडकी काढली, खाली स्टँडसाठी ओटा आणि पाण्याचा नळ. नळ मिस्त्रीकाकांनी सुचवला, नाहीतर आई उन्हाळाभर बादल्या वाहत बसली असती. समोर दक्षिणेच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, फूटभर उंचीची जाळीची खिडकी. भिंत फोडायचा खर्च बाबांनी माझ्या नावावर लिहून ठेवलाय.

स्लॅबचं मात्र साधंच केलं. दर मार्चमध्ये चुन्यात थोडं फेव्हिकॉल कालवून गच्चीवर दोन हात देतो. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो. चुना नसला तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकत असतो. नागपूरच्या महाल भागातल्या आजीच्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात हा त्रास नव्हता. तिथे माकडांचा होता, दर वर्षी कवेलू फिरवावे लागत.

परवा संध्याकाळी बाबा कोठीच्या खोलीत उभे दिसले, आतल्या भिंतीला तळहात टेकवून. मला पाहून हात काढला आणि म्हणाले, "डबा शोधून राहिलो होतो."

आई अजून जाळीची खिडकी बंद करते. "धूळ येते गं." मी तिकडे गेले की उघडते, मी परत निघाले की ती लावते.